खंडेनवमीचा घास

लोखंड समोर आलं की तुलसीरामाला हसू फुटे. कुणी त्याला हसवलेलं नसे, तरी फुटे. संगमेश्वराकडच्या लोहाराचा हा पोरगा. जहाजातून मॉरिशसला उतरला तेव्हा बंदरावरची नांगराची साखळी बघून इतका खूश झाला की मागच्या माणसाने त्याला ढकलत पुढे नेलं. पुढे कांप दे मास्कजवळच्या एका मळ्यावर त्याला ऊस तोडायला लावलं आणि हसू आटलं. सहा वर्षं त्याने ऊस तोडला, आणि तोही वाईट तोडला. स्वतःची ओळ अर्धी सोडून तो शेजाऱ्यांच्या कोयत्यांना धार लावत बसायचा. टोळीचा मुकादम, म्हणजे तिथला सरदार, देवराज रोज सकाळी हजेरी घेताना त्याचं नाव जरा दातओठ खाऊनच घेई.

सन १८५९च्या तोडणीत नशीब उघडलं. साखर कारखान्यामागे दुरुस्तीची शेड होती, तिला सगळे आतल्ये म्हणत. तिथला मुख्य मिस्त्री म्हणजे मिसिये ओगुस्त, पन्नाशीचा क्रेओल, म्हणजे बेटावरच जन्मलेला माणूस. त्याचे हात सोन्याचे होते आणि तोंड मात्र भट्टीचं. त्याने एकदा तुलसीरामाने धार लावलेला कोयता अंगठ्यावर घासून पाहिला आणि सांगितलं, तोडणी संपेपर्यंत ये, जमलं तर बघू. तुलसीरामाने घरी जाऊन कुंतीला, म्हणजे बायकोला, ही गोष्ट तीन वेळा सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना तो उभ्या उभ्या नाचत होता. कुंती म्हणाली, भात करपतोय, आधी बस.

त्याच सुमारास इंग्लंडहून भोकं पाडायचं नवं यंत्र बैलगाडीतून आलं. माणसाहून उंच लोखंडी खांब, वर चाकं, त्यांवर पट्टा, आणि खाली उलटं तोंड करून फिरणारा जाड दांडा. त्या तोंडात आर्बर बसवायचा. आर्बर म्हणजे एका टोकाला निमुळता होत गेलेला पोलादी खुंट. त्याच्या दुसऱ्या टोकाला चक, आणि चकाच्या मुठीत ड्रिल. सगळं ठीक होतं, पण यंत्राबरोबरचा आर्बरच खोक्यात नव्हता. तो समुद्रात पडला की लंडनमध्येच राहिला हे देवाला ठाऊक.

ओगुस्तच्या टोपलीत मोडलेल्या यंत्रांचे एकवीस आर्बर होते, आणि एकाचा उतार दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. त्या काळी जो तो कारखानदार आपल्या मनाला येईल तसा उतार कापी. ओगुस्तने टोपली तुलसीरामासमोर आदळली आणि यातला एक निवड म्हणाला. नुसत्या डोळ्यांनी हे काम होत नाही. तुलसीरामाने घरून कुंतीची काजळाची डबी पळवून आणली. प्रत्येक आर्बर पुसून कोरडा करायचा, त्याला काजळाचं पातळ बोट फिरवायचं, यंत्राच्या तोंडात घालून अर्धा वळसा द्यायचा आणि काढून बघायचं. एकाचं काजळ फक्त वरच्या कडेला पुसलं गेलं, म्हणजे खाली पोकळ. दुसऱ्याचं खालीच पुसलं गेलं, म्हणजे वर डुगडुगणार. जात्याचा खुंटा कुठे टेकतो ते बापाने त्याला असंच शिकवलं होतं. सतरावा आर्बर बाहेर आला तो पार टोकापासून टोकापर्यंत सारखा पुसलेला. तुलसीराम किंचाळलाच. ओगुस्तने आर्बर उजेडात फिरवून पाहिला, तोंडातली चिलीम काढली आणि पुन्हा तोंडात घातली. त्याच्याकडून एवढीच शाबासकी मिळत असे.

आणि लगेच कामही आलं. उसाच्या चरकाच्या रुळाला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी तडकली आणि कारखाना थांबला. नव्या पट्टीत आठ भोकं सरळ पाडायची होती. तोडलेला ऊस बाहेर आंबत पडला होता आणि मालक तासातासाला डोकावत होता. पण नवी पट्टी घडून गार व्हायला वेळ होता, म्हणून भोकं दसऱ्याच्या सकाळी पाडायची ठरली. ओगुस्तने सगळ्यांदेखत सांगितलं, भोकं सरळ आली तर तुलसीराम कायमचा आतल्येचा, वाकडी आली तर परत उसात.

आता मधे होती खंडेनवमी. लोहाराचं पोर त्या दिवशी हत्यारांची पूजा केल्याशिवाय राहील? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी त्याची गत. दुपारी ओगुस्त जेवायला गेला तसा हा यंत्रासमोर उभा. खांबाला हळदकुंकू लावलं, जास्वंदीची फुलं वाहिली. बाप खंडेनवमीला भात्याच्या तोंडाला गुळाचं बोट लावायचा, कारण जो राबतो त्याने आधी खायचं. या यंत्राला तर सरळसरळ तोंडच होतं! तुलसीरामाने पाचर मारून आर्बर सोडवला, साखरेच्या कढईत उरलेल्या घट्ट पाकाचं चांगलं भरलेलं बोट यंत्राच्या तोंडात आतून माखलं, हात जोडले आणि आर्बर पुन्हा ठोकून बसवला. बायकोचं काजळ लावताना जो माणूस चिंधीने तीनतीनदा पुसत होता, तोच भक्तीच्या भरात कोरडं बसवायचं विसरला. घरी जाताना तो गाणं म्हणत होता, आणि त्याला गाता येत नसे.

दसऱ्याला सकाळी आतल्येत मावेना इतकी माणसं. मालक, कढईवाले, गाडीवान, दाराशी कुंती. ओगुस्तने आधी टाकाऊ पत्र्यावर एक भोक पाडून बघायचं ठरवलं, आणि ते बरं झालं. पट्टा फिरला, ड्रिल खाली आलं आणि लग्नात पिऊन आलेल्या वऱ्हाड्यासारखं झोकांड्या खाऊ लागलं. भोक पडलं ते अंड्यासारखं.

ओगुस्तने पत्रा उचलून तुलसीरामाच्या नाकासमोर धरला. आर्बर चुकीचा निवडलास, एवढंच तो म्हणाला. मग देवराजकडे वळून म्हणाला, उद्यापासून हा तुझा. आणि मालकाला सांगू लागला की पोर्ट लुईला माणूस पाठवून आर्बर करवून आणावा लागेल, चार दिवस जातील. मालकाने बाहेरच्या उसाकडे पाहून डोक्याला हात लावला.

तुलसीरामाला पटेना. सतरावा आर्बर चुकीचा कसा असेल? काजळ खोटं बोलत नाही. तो खांबाला धरून उभा राहिला, तेवढ्यात हाताला गुदगुल्या झाल्या. मुंग्या! खांबावरून लाल मुंग्यांची एक शिस्तीत चाललेली रांग वर जात होती, आणि थेट यंत्राच्या तोंडात शिरत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा तो हाच. त्याच्या पोटातून हसू उसळलं. पण ते गळ्याशी येईतो भीती झाली, कारण ही चूक फक्त त्यालाच ठाऊक होती. गप्प राहिलं तर अडाणी ठरून उसात जायचं. बोललं तर सगळ्यांदेखत गाढव ठरून उसात जायचं. आणि सतरावा आर्बर मात्र बिनचूक होता, त्याला कुणी वाईट म्हणावं हे त्याला सोसवेना.

तो ओगुस्तपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याच्याच भाषेत म्हणाला, "मिसिये, आर्बर चांगला आहे. मो फिन दोन ली मांझे."

म्हणजे, मी त्याला जेवू घातलं. शेडमधल्या सगळ्यांना शब्द कळले, अर्थ कुणालाच लागला नाही. तुलसीरामाने मुंग्यांकडे बोट दाखवलं आणि काल दुपारची सगळी पूजा, बोटभर पाकासकट, सांगून टाकली.

ओगुस्तने पाचर मारून आर्बर काढला. त्याच्या अंगावर पाकाचा काचेसारखा पापुद्रा होता, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे नावालाच. ओगुस्तने तो नखाने खरवडला, जिभेवर ठेवला आणि चघळला. मग तो खाली बसला. नुसता बसला नाही, पाय पसरून जमिनीवर बसला, आणि हसता हसता त्याची चिलीम विझली. मालकालाही हसू आवरेना. कुंती मात्र पदर तोंडात धरून उभी होती, हसावं की रडावं ते तिचं ठरत नव्हतं.

कढईवरून कढत पाणी आलं. यंत्राचं तोंड धुतलं, पुसलं, वाळवलं, आर्बर धुतला, पुसला, वाळवला. डबीत उरलेलं काजळ खरवडून लावलं. पुन्हा टोकापासून टोकापर्यंत सारखं. तुलसीरामाने आर्बर कोरडा ठोकून बसवला, त्यात चक, चकात ड्रिल. पट्टा फिरला आणि ड्रिल लोखंडात असं उतरलं जसं वाटीत काठोकाठ वाढलेलं ताक पिताना कोकणी माणूस वाकतो, न हिंदकळता. एक, दोन, पाच, आठ. आठही भोकं गोल. संध्याकाळी चरक फिरायला लागला.

पण देवराजला दिलेला शब्द ओगुस्तने मागे घेतला नाही. हसत हसत घरी गेला. तुलसीराम रात्रभर कूस बदलत राहिला, आणि कुंतीने त्याला एवढंच सुनावलं, "काजळ नेलंस ते नेलंस, डबी तरी माजी परत आण."

पहाटे त्याने कोयता उचलला आणि उसाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. न गेलं तर गैरहजेरी, आणि ओगुस्तने काल 'हा तुझा' म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. देवराज एकेक नाव घेऊ लागला. सीतारामाचं झालं, बाबूरावाचं झालं, शेवटचंही झालं. रांग हलायला लागली.

"माजं नाव ऱ्हायलं," तुलसीराम कसाबसा म्हणाला.

देवराजाने हजेरीचा कागद त्याच्यासमोर धरला. वाचता दोघांनाही येत नव्हतं, देवराज नावं तोंडपाठ घेई, पण एका ओळीवर जाड काळी रेघ दिसत होती, आणि कागदाला काजळाचं मोठं बोट उमटलेलं होतं.

"रातीच येऊन तुजं नाव खोडून गेला तुजा म्हातारा," देवराज म्हणाला. "कोयता हितं ठेव आनि जा. तो म्हणतो, यंत्र उपाशी हाय."

तुलसीरामाने कोयता ठेवला नाही, फेकला. आणि दवाने ओल्या झालेल्या वाटेने तो आतल्येकडे पळत सुटला, मोठ्याने हसत, एकटाच.