रंगरावांचा प्रिंटर

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, सगळा बाजार रंगराव म्हणतो. त्यांचं फोटो छापायचं दुकान आहे आणि एकही फोटो मशीनच्या भरवशावर सोडायचा नाही, हा हट्ट. आधी संगणकाजवळ कुणाला फिरकू न देता स्वतः रंग जुळवणार, मगच छापणार. "रंग मशीनला नाही, डोळ्याला कळतो," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही म्हणून दाखवीन.

गेलं वर्षभर मात्र फोटो निळसर यायला लागले. बाबांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, गिऱ्हाइकं गुपचूप समोरच्या दुकानात जायला लागली. मी कानीकपाळी ओरडत होते, "बाबा, हा इंकजेट प्रिंटर म्हातारा झाला. आपण कलर लेझर घेऊ."

"त्याला काय धाड भरलीय? फोटो उत्तम येतायत!"

दुकान बसत चाललेलं आणि यांचं आपलं एकच तुणतुणं! शेवटी मीच एक लेझर मशीन चाचणीपुरतं मागवलं.

विकणाऱ्यानं ते टेबलावर मांडलं. छापायला होता एका तान्ह्या बाळाचा फोटो, बाबांनी नेहमीसारखे रंग जुळवून ठेवलेला. लेझरनं झटक्यात कागद बाहेर टाकला.

बाळ निळं होतं. ओठ, गाल, मुठी, सगळंच.

मी हबकलेच. नवंकोरं मशीन आणि पहिलाच कागद असा! विकणाऱ्याचा चेहरा उतरला. बाबा मात्र कागद हातात धरून खूश.

"वा! मशीन वाईट नाही गं. रंग कसा अगदी खरा आलाय."

विकणाऱ्यानं मला हळूच विचारलं, "ताई, मूळ फोटो आहे का? रंग न बदललेला?"

होता. तो मी जुन्या इंकजेटवर टाकला. वर्षभर ज्याला मी शिव्या घातल्या, त्या इंकजेटनं कुरकुरत गुलाबी गालांचं गोड बाळ बाहेर काढलं.

बाबांनी तोंड वाकडं केलं. "शी! याला तर कावीळ झालीय."

मग विकणारा चाचरत म्हणाला, "काका, माझ्या आईला मोतीबिंदू झाला होता ना, तेव्हा तिला पांढरी चादरही पिवळट दिसायची."

बाबा हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. लेझरचा कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. "तुला हे बाळ निळं दिसतंय?"

"हो, बाबा. मला वाटलं, मशीनच बिघडलंय."

ते मटकन स्टुलावर बसले. मोतीबिंदू काढता येतो, साधं ऑपरेशन असतं, मी भराभर सांगत सुटले. त्यांचं लक्षच नव्हतं.

"मशीन घेऊन जा," ते विकणाऱ्याला म्हणाले. "आमच्या प्रिंटरला काही झालेलं नाही."

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सहा महिन्यांपूर्वी तुझी सासू गेली, तेव्हा तिचा भिंतीवरचा फोटो मीच छापला. तोही असाच आहे?"

मला खोटं बोलवेना. मी होकारार्थी मान हलवली.

"आणि मी रोज सकाळी तिच्यापुढे उभा राहून म्हणतो, 'अगदी होतीस तश्शी आलीयस.'"