खातूनबीनं नाकारलेला पिवळा

माझा स्वभाव तापट आहे, हे उमरखेडात कोणालेही विचारा. कॉलेजात वीस वर्षं पोरांले खेळ शिकवले, शिट्टी वाजवून वाजवून आवाज चढला तो उतरलाच नाही. अन् तापट माणूस चुकला की साधा चुकत नाही, गाजावाजा करून चुकतो. मी तसा एकदा चुकलो. ती चूक ज्या बाईनं माह्या पदरात घातली, तिची ही हकिगत.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत खातूनबीचं दुकान. दुकान कसलं, एक पायमशीन, एक लाकडी पेटी अन् बाहेर दोरीवर लटकवलेल्या बॅगा. तिचा नवरा रहेमान ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा. तो गेल्यावर त्याचीच मशीन तिनं ओढली, अन् दप्तरं, पिशव्या, प्रवासाच्या बॅगा शिवू लागली. माझं पहिलं दप्तर तिच्याच हातचं. म्हणून मी सर झालो तरी मले ती 'तू'च म्हणे, अन् मले ते आवडे.

दोन हजार सहाची गोष्ट. कापसाले भाव नव्हता, अन् कापसाले भाव नाही म्हणजे आमच्याकडे कशालेच भाव नाही. जूनमधे शाळा उघडल्या तरी नवं दप्तर कोणी घेईना. लोक जुन्याच बॅगा आणत. चेन बदलून दे, पट्टा लावून दे. फवारणीच्या पंपाचे पट्टे शिवण्यातच खातूनबीचा पावसाळा गेला.

तिचा पोरगा इम्तियाज नांदेडले गॅरेजात. पोरगा सोन्यासारखा, आईची काळजी करणारा, तोच तिले नडत होता. "अम्मी, दुकानाले कुलूप लाव, माह्याकडे ये, आराम कर," असं दर आठवड्याले फोनवर. खातूनबीले आराम ह्या शब्दाचाच राग. ती मले म्हणे, "तिथं जाऊन काय करू? सुनेच्या हातचं खाऊ अन् खिडकीतून गाड्या मोजू?" शेवटी मायलेकांचा करार झाला. दिवाळीपर्यंत मोठं काम आलं तं ती राहील. नाही आलं तं दिवाळी अन् ईद झाली की पुढच्या सोमवारी इम्तियाज टेम्पो घेऊन येईल, मशीन भरेल अन् आईले पुढं बसवून घेऊन जाईल. त्या वर्षी दोन्ही सण एकाच आठवड्यात होते, म्हणजे मुदत एकच.

त्याच सप्टेंबरात आमच्या कॉलेजनं कळसूबाईच्या ट्रेकले मंजुरी दिली. पोरं तीस, डिसेंबरात जायचं. विदर्भातली सपाटीवरची पोरं महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखरावर जाणार, माही छाती फुगली होती. पाठीवरच्या बॅगा एकसारख्या पाहिजेत, अन् इथंच शिवून घ्यायच्या, हे मीच ठरवलं. मोठं काम पाहिजे होतं ना खातूनबीले, हे घे.

पण रंग. स्टाफरूममधे दोन तास रंगावरच गेले. भगवा म्हटलं की एक खूश, दुसरा खिडकीबाहेर पाहते. हिरवा म्हटलं की त्याच्या उलट. निळा म्हटलं की तिसऱ्या कोपऱ्यात कुजबुज. पांढरा मळते, काळा अंधारात हरवते. शेवटी मी टेबलावर हात आपटला अन् म्हटलं, पिवळा. धुक्यात लांबून दिसते अन् कोणाचाच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, ठराव झाला, मी चहा सांगितला.

अर्पिता ही आमच्या ट्रेकच्या पोरांची कॅप्टन. तिले घेऊन मी गल्लीत गेलो. मले वाटलं खातूनबी आनंदानं उठून उभी राहील. तिनं सगळं आयकून घेतलं, खिशे किती, पट्टा किती रुंद, सगळं विचारलं. मग म्हणे, "रंग?"

"पिवळा."

तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. "पिवळी नाही शिवत मी."

"काहून? कपडा भेटत नाही?"

"कपडा भेटते. पिवळ्यावर माशी बसते."

मले हसू आलं. "बॅग आहे खातूनबी, गुळाची भेली नाही."

तिनं बाहेरच्या दोरीकडे बोट केलं. "गावाच्या चारी बाजूनं कापसाची पऱ्हाटी आहे. ह्या दिवसांत ह्या बॅगा मी रोज सांजेले फडक्यानं झटकते. पिवळी दहादा झटकावी लागते, निळी चार-पाचदा. ही डाळिंबी लटकवली तशी आहे. तीस वर्षं झटकून राह्यली मी, तू एक दिवस झटकून पाह्य."

पोरीसमोर कोणी मले शिकवलं की माझं डोकं फिरते. म्हटलं, "ठराव झाला आहे. नसेल शिवायची तं नागपूरहून तयार आणतो."

अर्पिता हळूच म्हणाली, "सर, सोमवार..." तिले टेम्पोचं माहीत होतं. गल्लीत सगळ्यांलेच माहीत होतं. मलेही होतं, पण त्या क्षणाले मी ठरावाच्या पाठीमागे उभा होतो.

खातूनबीनं कात्री पेटीत ठेवली. "आण नागपूरहून. माह्या हातची बॅग घेऊन पोरं सरावाले वावरातून जातील अन् वाटेनं शिव्या देत झटकत बसतील, ते मले नाही पाहणं."

हातात आलेलं काम तिनं परत केलं, तेही अशा वर्षी. मी रागानं घरी आलो अन् बायकोवर उगीच ओरडलो.

चौथ्या दिवशी अर्पिता दोन बॅगा घेऊन मैदानावर आली. एकाच मापाच्या, एक पिवळी, एक डाळिंबी. खातूनबीचा निरोप होता: "दोन्ही घेऊन वावरातून चाला. पिवळी स्वच्छ राह्यली तं तीसही पिवळ्याच शिवते, अन् सरची माफी मागते."

माफीचं नाव काढल्यावर मी मागं हटतो काय. रविवारी दहा पोरं घेऊन पैनगंगेच्या काठापर्यंत सरावाची चाल ठरवली. पिवळी मीच पाठीवर घेतली. डाळिंबी अर्पितानं. ऊन कडक, पऱ्हाटी कमरेच्या वर, मी सगळ्यात पुढं.

वाटेत आमचंच वावर. माझे बाबा रामराव बांधावर उभे होते. त्यांनी मले येताना पाह्यलं अन् हातातला विळा खाली ठेवला.

"काय रे, पाठीले टीन कायले बांधला?"

"टीन नाही बाबा, बॅग आहे."

"बरं झालं आणला. असाच वावराच्या मधात जाऊन उभा राह्य. मी वंगण आणतो, तुले चोपडतो. दोन एकर साफ होईल."

पोरं हसू लागली. मी बॅग काढून समोर धरली. पिवळ्या कपड्यावर कोणी पीठ चाळलं असावं, अशी पांढरी माशी बसली होती. हात लावला की उडे, पुन्हा तिथंच बसे. माह्या मानेवर, कानात, कॉलरमधे. अर्पिताची डाळिंबी तिच्या बाजूलेच होती, नवी कोरी. हातच्या काकणाले आरसा कायले.

अन् माझी नजर वावरात गेली. पऱ्हाटीच्या ओळीत काठ्यांवर बाबांनी लावलेले पत्र्याचे तुकडे, पिवळ्या रंगाचे, वंगण चोपडलेले, माशीनं भरलेले. हे टीन लहानपणी मीच रंगवत होतो. ब्रश माह्या हातात, रंगाचा डबा बाबांच्या हातात. कास्तकाराचा पोरगा, कापसात वाढलेला, अन् मीच तीस पोरांच्या पाठीवर ते टीन बांधायले निघालो होतो. मले माझीच लाज वाटली, साफ सांगतो.

बाबांनी ती पिवळी बॅग परत दिलीच नाही. काठीवर अडकवली, वंगण लावलं. म्हणे, टिनापेक्षा बरी आहे, दोन्ही बाजूनं बसतात.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधे मी ठराव बदलायले लावला. एकानं विचारलं, "डाळिंबी हा कोणाचा रंग आहे?" म्हटलं, "माशीचा नाही, एवढं पुरे."

मग गल्लीत गेलो. रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत होतो. पडलो तरी नाक वर ही माही सवय, पण तिथं गेल्यावर सरळ म्हटलं, "खातूनबी, चुकलो."

तिनं वर पाह्यलं नाही. "पट्टा चार बोटं ठेवते. पोरींच्या खांद्याले रुततो अरुंद पट्टा." अन् थोड्या वेळानं, "मान पुस. अजून बसली आहे एक."

मग ती मशीन थांबली नाही. अर्पिता अन् तिच्या मैत्रिणी बकल लावायले येत. सांजेले गल्लीतून जाणारा थांबून पाहे, एवढ्या बॅगा कोणाच्या म्हणून, अन् खातूनबी सांगे, "कळसूबाईच्या." ते नाव ती अशा तोऱ्यात घेई की शिखर तिच्या माहेरचं असावं. मी विचारलं, इम्तियाजले कळवलं काय? म्हणे, "येऊ दे त्याले. टेम्पो लागतेच."

ईद झाल्यावरच्या सोमवारी टेम्पो गल्लीत शिरला. इम्तियाजनं दोर आणले होते, मशीनखाली टाकायले गादीही आणली होती. तो दुकानाच्या पायरीशी आला अन् तिथंच थबकला. भिंतीपासून भिंतीपर्यंत डाळिंबी बॅगा रचलेल्या. माणूस आत जायले जागा नव्हती.

मायलेक घरी उर्दूत बोलतात, मी आपल्या भाषेत सांगतो. तो म्हणाला, "अम्मी, हे काय?"

"मशीनले हात लावू नको. ह्या तीस मोजून टाक. कॉलेजात न्यायच्या आहेत."

तो आईकडे पाहत राह्यला. मग हसला, अन् बाह्या वर केल्या. मशीनसाठी आणलेल्या गादीवर त्यानं बॅगा रचल्या, मशीनसाठी आणलेल्या दोरानं बांधल्या. खातूनबीनं डोक्यावरचा पदर सारखा केला अन् टेम्पोत पुढं बसली. बाजारातून टेम्पो सावकाश चालवायले लावला तिनं. कापडवाला, चहावाला, पंपाचे पट्टे शिवून नेणारे, सगळे पाहत होते.

कॉलेजच्या फाटकात तीसही पोरं ओळीनं उभी होती. खातूनबीनं एकेक बॅग स्वतः त्यांच्या पाठीवर चढवली, पट्टे ओढून पाह्यले, दोन पोरांचे ढिले निघाले ते तिथंच आवळले. फाटकापासून झेंड्यापर्यंत नुसता डाळिंबी रंग. मी शिट्टी वाजवली अन् पोरं सरावाच्या फेरीले चालायले लागली. शिट्टी तोंडात होती म्हणून बरं, नाहीतं सर रडला असं गावभर झालं असतं.

टेम्पो रिकामा झाला. इम्तियाजनं दोर गुंडाळून ठेवला अन् आईले विचारलं, "आता तुले कुठं नेऊ?"

"दुकानावर सोड," खातूनबी म्हणाली. "मशीनले तेल द्यायचं राह्यलं आहे."