ड्रेनेजच्या पाइपातली मेथी

मला घाणीची भारी शिसारी आहे. मोरीत केसांचा गुंता दिसला तरी माझ्या तोंडचा घास खाली जात नाही. अशा बाईने भंगारातून जुना ड्रेनेजचा पाइप घरात आणला, तो फक्त सासऱ्यांसाठी.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. म्हसवडकडचे, सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर आम्ही त्यांना विश्रामबागेतल्या फ्लॅटवर आणलं, कारण गावी करणारं कुणी उरलं नव्हतं. पण त्यांचं मन काही रमेना. रोज सकाळी एकच पालुपद, "पोरी, मला यष्टीत बसवून दे." हाताला काही काम मिळालं तर टिकतील, म्हणून मी गॅलरीत उभी बाग करायचं ठरवलं.

पाइप आतून काळा, बुळबुळीत. नाकाला ओढणी बांधून घासला, तरी दोनदा उमासे आले. मग तापलेल्या सुरीने खाचा पाडल्या, त्या वाटीसारख्या बाहेर ओढल्या, तळाला बूच ठोकलं आणि पाइप गजांना उभा बांधला. मामा पहिल्यांदाच खुलले.

"ह्यात लेंड्या घालू. खतासाठी आमची मेंढरं रानात बसवून घ्यायला लोकं धान्य द्यायची. लय भांडायची आमच्यासाठी!"

चार दिवसांत गावाहून एसटीने पोतं आलं. मामांनी ताज्या लेंड्या पाइपात ठासून भरल्या, खाचांच्या तोंडाशी माती घालून मेथी पेरली आणि रोज तांब्या-तांब्या पाणी घालायला लागले.

रानात लेंड्या उन्हावाऱ्यात वाळतात. इथे तळाला बूच होतं, आणि पाणी निघायला त्याला भोक पाडायचं मीच विसरले होते. आठवड्याभरात सगळं आत सडलं. खाचांमधून पांढऱ्या अळ्या वळवळायला लागल्या, काळं पाणी खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरींवर ओघळलं. त्या नाकाला पदर लावून वर आल्या आणि माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्यासमोरच ओरडले,

"शी! घरभर नुसता मेंढरांचा वास मारतोय. अंथरुणात वास, अन्नात वास. किळस आलीय मला!"

मामा मागेच उभे होते. मला माहीत होतं.

पाइप रिकामा करून, दोनदा ओकून मी आत आले. मामा मोरीत पाटावर बसून टाचा घासायच्या वजरीने हात घासत होते. कोपरापर्यंत कातडी लाल झाली होती. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"बघ गं पोरी, अजून येतोय का? सत्तर वर्सांचा हाय, येकदम जायाचा न्हाई."

"नाही हो मामा, अजिबात येत नाही," मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी भरून दारात बसले. मी खूप विनवण्या केल्या, पण उपयोग झाला नाही. स्टँडवर एसटी लागल्यावर मी वाकून पाया पडले. एरवी ते माझ्या डोक्यावर हात ठेवून "सुखी ऱ्हा" म्हणायचे. त्या दिवशी हात अर्ध्यापर्यंत आला, आणि त्यांनी तो धोतराला पुसून मागे घेतला.