राजीखुशीनं दिलेली पट्टी

ही गोष्ट मी माझ्या बायकोलेही सांगितली नाही. ती वारली, तरी गोष्ट माझ्या आतच राहिली. आज तुमाले सांगून राहिलो — काहून, ते मलेच ठाऊक नाही.

चौथी शिकलेला माणूस आहो मी. पण शब्दाचा पक्का, असं हिवरखेडात कोणालेही विचारा. कोणाचं फुकट घेतलं नाही, कोणावर बळजबरी केली नाही — हे मी छाती ठोकून सांगत आलो. आता मात्र ते सांगताना जीभ अडते.

माझ्या वावराले लागून नारायणचं वावर. त्याचं डांबरी रस्त्यावर, माझं त्याच्या मागं. रस्त्याकडची पट्टी मी त्याले चारदा मागितली. तो हसे. "दादा, थे वावराचं तोंड हाय. तोंड इकल्यावर मानूस खाईन कशानं?"

मग एका उन्हाळ्यात तो गाडीवरून पडला. कंबर मोडली, अकोल्याच्या दवाखान्यात पडून होता. मागं त्याची बायको शेवंता अन् पानमळा. वावर तिच्याच नावावर. त्यातच त्यांचा बोअर आटला. भर वैशाखात पानवेलीले पाणी तुटलं तं चार-सहा दिवसांत वेल जाते. नवा मळा लावून पान हाती यायचं म्हणजे साल-दीड साल. तवर खायचं काय?

माझ्या बोअरले पाणी होतं. तीन दिवस मी पाइप टाकून फुकट दिलं. लोकांनी वाखाणलं. चौथ्या दिवशी — कसं सांगू? — चौथ्या दिवशी मी कॉक बंद केला.

ती धुऱ्यावर, आमच्या दोघांच्या वावरामधल्या बांधावर, आली. मी म्हणालो, पट्टी दे, पाणी घे. वरून रास्त भाव देतो. नसंन द्यायची तं नको देऊ, तुही मर्जी.

"भाऊजी, गळ्यावर पाय ठेवून मर्जी इचारता व्हय?"

"मी कुठं हात लावला तुले?"

खरंच नव्हता लावला. दोन दिवस मी काहीच केलं नाही — नुसता बाजेवर बसून राहिलो. काही न करण्यात केवढा जोर असते, ते मले तवा समजलं.

तिसऱ्या दिवशी ती हो म्हणाली. पण मले तेवढं पुरलं नाही. उद्या लोक काय म्हणतीन? मी गावातले चार जाणते धुऱ्यावर आणले. त्यांच्यासमोर तिनं म्हणावं — राजीखुशीनं देते. कॉक तवाही बंदच होता. त्या चौघांले ते माहीत नव्हतं; मले होतं, तिले होतं. मी पुन्हा विचारलं. तिनं माना टाकलेल्या वेलींकडं पाहिलं अन् म्हणाली, "राजीखुशीनं."

मग मी पाणी सोडलं.

हेच ते. जमीन तं मी विकत घेतली. तो शब्द मात्र मी तिच्या तोंडातून ओढून काढला, अन् इतकी वर्षं गावभर दाखवत फिरलो.

मळा वाचला. नारायण नाही वाचला, दोन वर्षांनी गेला. पट्टीवर आता माझं फाटक आहे. शेवंताले तिच्या वावरात जायले तिथूनच वाट. फाटकाले मी कधी कुलूप लावलं नाही. तरी ती रोज सकाळी डोक्यावर डालं घेऊन तिथं थांबते. "भाऊजी, जाऊ का?"

विचारू नको, एवढंच म्हणायचं आहे. निघत नाही तोंडातून. कालही तिनं विचारलं.

मी म्हणालो, जा.