सूपमधले वास्ते आणि दोन जंगली

जव्हार-मोखाड्याच्या पोरांनो, सायबर कॅफेतून लिहितोय. डोकं तापलंय, शुद्धलेखन बघू नका.

इथं पुण्यात आमच्या कंपनीजवळ चायनीज, थाई, जपानी अशी हॉटेलं ओळीनं आहेत. आमचे सुपरवायझर दर महिन्याला आम्हा चौघांना एकेका हॉटेलात नेतात. आज दुपारी थाई होतं.

सूप आलं. चमच्यात बघतो तर आपले वास्ते, बांबूचे कोवळे कोंब. मी बोलून गेलो, "हे तर गावाला, सूर्यमाळला, आमची आई करते."

वाढणारा वेटर माझ्याच वयाचा. त्याचा चेहराच खुलला. "भैया, मैं दार्जिलिंग का. मेरी माँ भी बनाती है. आप लोग उबालकर कड़वा पानी कितनी बार फेंकते हो?"

"दो बार."

"हम तीन बार."

तेवढ्यात सुपरवायझर म्हणाले, "घ्या, दोन जंगली भेटले एकमेकांना." सगळे हसले. मीपण हसलो.

वेटर रिकाम्या प्लेटी उचलून गेला. नंतर आमच्या टेबलाला दुसराच माणूस आला. सुपरवायझरांनी मात्र तेच सूप अजून एक वाटी मागवलं.

मला जंगली म्हणतात त्याची सवय झालीय. पण तो बिचारा मला आपला समजून आईचं सांगत होता, आणि मी त्यांच्यात बसून दात काढले. सुपरवायझरचा राग आहेच, पण त्याहून जास्त माझा मला येतोय.

उद्या सकाळी ड्युटीवर तेच सुपरवायझर समोर असणार. खरं सांगा, तुम्ही तिथं असता तर काय बोलला असता? का तुम्हीपण हसला असता?