बुंदीचा झारा आणि बिनशिशाचा बार

आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, पण बंदूक आहे. लग्न होऊन जळकोटच्या बाजूच्या या लिंगायत घरात आले, तेव्हा भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक बघून मी चाटच पडले. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी सांगितलं, परवाना पिकाच्या राखणीचा आहे, रानडुकरं भुईमुगात शिरतात. एखादं मारलं का, असं मी विचारल्यावर त्यांनी कानाला हात लावले. डुकराला भेवडवायचं, मारायचं नाही. मग नळीत छर्रे कशाला? तर नुसत्या आवाजाची बंदूक म्हणजे फटाका, आणि फटाक्याला कोण परवाना काढतं? हा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. त्या छर्‍यांनी आजवर घायाळ झाली ती फक्त बांधावरची बाभूळ.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माहेर नांदेडचं, म्हणून तोंडाने फटकळ, असं सासूबाईंचं मत आहे. मला दिवस गेले, सातवा महिना लागला, डोहाळजेवण ठरलं आणि सासूबाईंनी बुंदीचे लाडू करायचे काढले. झारा सापडेना म्हणून मी परसात गेले. तिथं मामा चुलीपाशी शिसं वितळवून छर्रे पाडत बसले होते, आणि ते पाडत होते त्याच झाऱ्यातून.

कधीपासून हे चाललंय, असं विचारलं. त्यांच्या वडिलांपासून. नंतर राखेनं घासून घेतो की, म्हणाले. म्हणजे माझ्या लग्नातल्या लाडवांची बुंदीसुद्धा त्यातूनच पडली होती.

मी घाबरले. शिसं पोटातल्या लेकराच्या डोक्याला बाधतं, हे दरवर्षी पोरांना शिकवणारी मीच. तसं सांगितलं, तर मामा म्हणाले, "आमी खाल्लंच की पिढ्यान्‌पिढ्या. काय झालं आमाला?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो अर्ध्या गालाला साबण लावून वडिलांच्या बोलण्याला मान डोलवत उभा होता. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं, पण गिळलं. शिसं या घरातून गेलं नाही तर मी नांदेडला जाईन आणि लेकरू शाळेत जायला लागल्यावरच परत येईन, एवढंच म्हणाले. मामांनी टोपी घातली आणि चपला पायात सरकवून निघून गेले.

परत आले ते जळकोटच्या सायकल दुकानातून. एका पिशवीत चाकात घालतात ते पोलादी छर्रे होते, दुसऱ्या पिशवीत नवा कोरा झारा. जुना झारा शिशासकट घराबाहेर गेला. आता आमची बंदूक बिनशिशाची, असं त्यांनी पारावर जाहीरही केलं.

पुढचं मला शेजारच्या काकांनी साभिनय सांगितलं. दिवस मावळताना डुकरं आली. मामा रानातल्या राखणीच्या माळ्यावर होते. शिशाच्या छर्‍यांवर चिंधीचा बोळा घट्ट बसायचा, हे छर्रे गुळगुळीत. मामांनी नेम धरायला नळी खाली केली, तसे सगळे छर्रे बोळ्यासकट घरंगळून मातीत पडले. मग बोळ्याविना नुसताच फुस्स आवाज झाला. डुकरांनी माना वर करून मामांकडे बघितलं आणि पुन्हा शेंगा उकरायला लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग डुकरांनी माना वर करायचंही सोडलं.

डोहाळजेवणापर्यंत अर्धा भुईमूग उकरून झाला होता. गावभर चेष्टा चालली होती आणि मामा पारावर जायचे बंद झाले होते. मला वाईट वाटत होतं, आणि आता हे पुन्हा शिसं आणतील, अशी धास्तीही होती. मी हिरवी साडी नेसून ओटी भरून घेत होते, तेवढ्यात ओसरीवरून काकांचा आवाज आला. माझ्याकडं जुन्या बॅटरीचं शिसं पडलंय, घेऊन जा, सुनेला सांगू नका, असं ते मामांना कुजबुजत होते. काकांची कुजबूज शेताच्या पलीकडे ऐकू जाते. ओटी भरणाऱ्या बायांनी कान टवकारले.

मामा म्हणाले, "ऱ्हायलेला भुईमूग बी जाऊ द्या. भुईमूग दर साली पेरता येतोय."

मला सगळ्यांदेखत रडू फुटलं. सासूबाईंना वाटलं, लाडू बिघडले.