लोकर आटेना

माझी मावशी जे विणते ते सुरुवातीला कुणालाच होत नाही. सुयांवरून उतरलेल्या स्वेटरमध्ये दोन धडधाकट माणसं मावतील आणि टोपी घातली तर थेट खांद्यावर येईल. म्हणून अख्ख्या गल्लीत तिचं नाव हत्तीवाली. पण खरं काम पुढे असतं. ती तो अजस्र स्वेटर उकळत्या पाण्यात बुडवते, साबण लावते, रगडते, दगडावर आपटते, परत बुडवते. लोकर आटत जाते, टाके एकमेकांत घट्ट बसतात, आणि शेवटी ज्याचं माप त्यालाच होईल असा जाड, वारा न शिरणारा स्वेटर हातात येतो. माप ती टेपनं घेत नाही. माणसाला एकदा पाठमोरं उभं करते, ‘बरं, जा’ म्हणते, झालं.

लोकर गावाबाहेरच्या मेंढपाळाची. त्याच्या बापाच्या वेळेपासून ती तिथूनच आणते, घरी पिंजते, घरी कातते. मी तिच्या वरच्या खोलीत राहते, औषधांच्या दुकानात काम करते, आणि विणकामातलं मला ओ की ठो कळत नाही. मला फक्त तिचं कळतं, असं मी समजत होते.

या थंडीत गोंधळ सुरू झाला तो पोस्टमनच्या स्वेटरपासून. मावशीनं तो नेहमीसारखा धुतला, रगडला, वाळवला, आणि तो होता तेवढाच राहिला. परत उकळला, तरी जैसे थे. पोस्टमन भला माणूस. त्यानं गुडघ्यापर्यंतचा स्वेटर अंगात घातला, बाह्या चार वेळा दुमडल्या आणि फार ऊब आहे म्हणाला. मावशीचा चेहरा पडला. तिच्या कामाला आजवर कुणी अशी दया दाखवली नव्हती.

मग घरात जो तो शहाणा झाला. काका नळदुरुस्तीची कामं करतात, त्यामुळे जगातल्या प्रत्येक बिघाडाचं मूळ त्यांना पाण्यात दिसतं. पाणी जड झालंय, असं सांगून त्यांनी मोरीतला अर्धा पाइप बदलला. शेजारीण म्हणाली, साबणात हल्ली राम राहिला नाही. मी दुकानातून सोडा आणून दिला. मावशीनं प्रत्येकाचं ऐकलं, दंड भरून येईपर्यंत आपटलं, आणि दोरीवर एकेक हत्तीचा स्वेटर वाळत राहिला. काही केल्या लोकर आटेना.

हळूहळू तिनं पाण्याला आणि साबणाला दोष देणं सोडलं आणि मोर्चा स्वतःकडे वळवला. मला शेजारी बसवून टाके मोजायला लावले. टाके बरोबर होते. ती म्हणाली, मग मोजलेलं मी मधेच विसरत असेन. एकदा विणता विणता थांबून तिनं बोटं एकमेकांवर चोळली. लोकर हाताला वेगळीच लागते, बोटं बधिर झालीत वाटतं, असं ती काकांना सांगत होती. काका म्हणाले, बोटांना काही धाड भरलेली नाही. तिनं ऐकलंच नाही.

त्या रविवारी दुपारी ती माझ्या खोलीत आली, सुया माझ्या पलंगावर ठेवल्या आणि म्हणाली, “या तुझ्याकडे राहू दे.”

मी विचारलं, का?

“तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं.”

माझी आई म्हणजे तिची मोठी बहीण. आईनं एकदा चहात मीठ घातलं आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. शेवटच्या वर्षी ती दारात उभी राहून मला विचारायची, ‘बाई, तुम्हाला कोण हवंय?’ मावशीनं तिचं सगळं केलं, न्हाऊमाखू घालण्यापासून. त्यामुळे ती काय म्हणतेय ते मला लगेच कळलं, आणि मी घाबरले. घाबरले की मी चिडते. सुतावरून स्वर्ग गाठू नकोस म्हणून मी तिच्यावर ओरडले, सुया तिच्या पिशवीत कोंबल्या आणि एक न आटलेली टोपी घेऊन तिला ओढतच मेंढपाळाकडे नेलं. तिथे काय मिळणार हे मलाही माहीत नव्हतं. घरात बसवत नव्हतं एवढंच.

मेंढपाळ मेंढ्यांच्या वाड्याचं कुंपण बांधत होता. टोपी बघून त्यानं ती स्वतःच्या डोक्यावर घातली, ती हनुवटीपर्यंत आली, आणि आतूनच तो हसायला लागला. मग त्यानं ती काढून सरळ सांगितलं की ही काळ्या तोंडाच्या मेंढ्याच्या पिल्लांची लोकर. मागच्या साली त्यानं नवा मेंढा आणला होता, कोकरं धष्टपुष्ट व्हावीत म्हणून. कोकरं झाली धष्टपुष्ट, पण त्यांची लोकर फुगीर, चिवट. कितीही उकळा, आटायची नाही. यंदाच्या पोत्यांत बहुतेक तीच होती.

माझा जीव भांड्यात पडला. मी मावशीचा हात धरला आणि मोठ्यानं म्हटलं की बघ, तुला काही झालेलं नाही, मेंढा बदललाय. ती इतकी मनापासून हसली की मेंढ्या बिचकल्या. अरे गाढवा, मग हे आधी सांगायचं नाही का, असं ती मेंढपाळाला म्हणाली.

तो गोंधळला. त्यानं माझ्याकडे बघितलं, परत तिच्याकडे.

“मावशी, सांगितलं होतं की. मेंढा आणला तेव्हाच दाखवला तुम्हाला. तुम्ही त्याच्या पाठीची लोकर उपटलीत, थुंकी लावून तळहातावर चोळलीत आणि म्हणालात, ही आटायची नाही रे, माझी वेगळी ठेव.”

“मी?”

“तुम्हीच. आणि यंदा पोती नेताना मी विचारलं, जुनी थोडीच आहे, ही चालेल का? तुम्ही म्हणालात, चालेल.”

आतून त्याची बायको पाणी घेऊन आली होती. तिला काहीच ठाऊक नसल्यानं ती सहज बोलून गेली की हो, मेंढ्यानं मावशींच्या पिशवीचा बंद खाल्ला होता, केवढं हसलो आपण. मेंढपाळानं तिच्याकडे डोळे वटारले. मग तो घाईघाईनं म्हणाला, कदाचित दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल मी, माझंच डोकं ठिकाणावर नसतं.

 मावशीनं तिथल्या एका पोत्यातून चिमूटभर लोकर काढली, थुंकी लावली, तळहातावर चोळत राहिली. लोकर तशीच मोकळी राहिली. “खरंच आटत नाही,” ती म्हणाली, अगदी नवीन काही कळल्यासारखी. कसलीही चूक न करता ही चाचणी करणारा तिचा हात मी बघत होते आणि मला कळेना की आता हसायचं की रडायचं. हात तर शाबूत होता.

मेंढपाळानं जुन्या मेंढ्यांची होती नव्हती तेवढी लोकर बांधून दिली.  परत येताना मी तिला समजावायचे शब्द जुळवत होते, माणूस विसरतो, मीही विसरते, वगैरे. त्यातला एकही तोंडातून निघेना, कारण आईलाही मी हेच सांगत असे.

गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

“तो काय म्हणाला ते मला नीट सांग. पहिल्यापासून.”

मी सांगितलं. काळ्या तोंडाचा मेंढा, त्याची पिल्लं, फुगीर लोकर, तिनं केलेली चाचणी, तिनंच दिलेला होकार. पिशवीचा बंदही सांगितला. ती मान हलवत ऐकत होती.

“कळलं,” ती म्हणाली. “उद्या परत सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाण्याआधी मी खाली गेले. ती जुनी लोकर पिंजत बसली होती. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं हात थांबवले आणि शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. तिला आठवत होतं म्हणून, की नव्हतं म्हणून, ते मी विचारलं नाही.